चेहरे शेवटी पाहा: चिनी अंतःपुराची चित्रं वाचायची कशी

सुंदर बायका, रेशमी कपडे, कोपऱ्यात फुलदाणी, मागे लाकडी पडदा. चिनी चित्रांचं पुस्तक चाळताना अशी पानं आपण भराभर उलटतो. सगळ्या बायका एकसारख्या वाटतात आणि घडताना तर काहीच दिसत नाही. लोक थांबतात ते धुक्यातल्या डोंगरांपाशी. मला मात्र वाटतं, नवख्याने चिनी चित्रकलेत शिरावं ते याच दारातून. डोंगर कळायला त्यामागची कविता आणि तत्त्वज्ञान थोडं तरी ठाऊक असावं लागतं. खोली कळायला आपण स्वतः घरात राहिलेलो असलो की पुष्कळ झालं. फक्त बघण्याचा क्रम बदलायचा. बाईचा चेहरा हा या चित्रातला सगळ्यात कमी बोलणारा भाग असतो. बोलतात ते स्टूल, आरसा, भिंतीवरचं अक्षर, खिडकीबाहेरचं पाखरू.

चीनमध्ये या प्रकाराला ‘शिन्यू’ चित्रं म्हणतात. खाली दिलेल्या पायऱ्या तीन-चार प्रसिद्ध चित्रांच्या आधाराने चढू. ती शेजारी उघडी ठेवलीत तर वाचणं सोपं जाईल.

पहिली पायरी: चित्र मोठं करून घ्या

मोबाइलवर ही चित्रं बघण्यात अर्थ नाही. लॅपटॉप किंवा त्याहून मोठा पडदा घ्या. तैपेईचं नॅशनल पॅलेस म्युझियम, बीजिंगचं पॅलेस म्युझियम, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स यांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं पाहायला मिळतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतींचे रंग बहुधा भडक केलेले असतात, कडा कापलेल्या असतात आणि कडेचे शिक्के गायब असतात. पुढे या शिक्क्यांचं काम पडणार आहे.

पडद्यावर पाहतोय म्हणून दुय्यम वाटून घेऊ नका. रेशमावरचे रंग उजेडाने खराब होतात, त्यामुळे अशी चित्रं वर्षातला बराच काळ बंद पेटीत असतात. विमानाचं तिकीट काढून गेलात तरी दर्शन होईलच असं नाही.

दुसरी पायरी: चित्र ठेवलं कुठे जात होतं ते ओळखा

चौकटीत घालून भिंतीवर कायमचं टांगायचं, ही आपली सवय इथे उपयोगाची नाही. मुख्य प्रकार तीन: आडवी गुंडाळी, उभा लटकता पट आणि घडीच्या पडद्यावर चिकटवलेलं चित्र.

आपल्याकडे जुन्या जन्मपत्रिकेची गुंडाळी वरून खाली उलगडते; चिनी आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे. टेबलावर ठेवून, हातभर उलगडायची, पाहायची, उजवीकडून गुंडाळत पुढे जायचं. म्हणजे मालकाला संपूर्ण चित्र एकदम कधीच दिसायचं नाही. संगणकावर अख्खी पट्टी एका नजरेत दिसते, तो मोह टाळा. उजव्या टोकाला जा, इतकं मोठं करा की दोन-तीनच माणसं दिसतील, मग सरका.

सराव करायला ब्रिटिश म्युझियममधली ‘राजस्त्रियांना उपदेश’ ही गुंडाळी घ्या. परंपरेने ती चौथ्या शतकातल्या कू खायझी या चित्रकाराची मानतात. प्रत्यक्षात हाती आहे ती नंतर कोणीतरी केलेली नक्कल, असं बहुतेक अभ्यासकांचं मत. मजकूर चांग ह्वा या दरबारी मंत्र्याने इ. स. २९२ मध्ये लिहिलेला. मूळ बारा प्रसंग, त्यातले नऊ उरले आहेत. ही लंडनला कशी पोचली, तेही ऐकण्यासारखं आहे. १९०० साली चीनमध्ये परदेशीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर उठावाच्या धामधुमीत ती ब्रिटिश हिंदी फौजेतल्या, बंगाल लान्सर्सच्या कॅप्टन जॉन्सनच्या हाती लागली आणि १९०३ साली त्याने ती संग्रहालयाला २५ पौंडांना विकली.

यातला आरशाचा प्रसंग शोधा. एक बाई आपल्याकडे जवळजवळ पाठ करून बसली आहे, तिचा चेहरा आपल्याला गोल आरशात दिसतो. शेजारी दुसरी बसली आहे, मागे उभी राहून एकजण तिचे केस विंचरते आहे. जमिनीवर प्रसाधनाच्या डब्या. लिहिलेला उपदेश असा, की चेहरा सजवायचं सगळ्यांना कळतं, स्वभाव सजवायचं कुणालाच कळत नाही. आणि चित्रकाराने काय केलं? नटण्याचं सगळ्यात देखणं चित्र काढलं. मजकूर एक सांगतो आणि कुंचला दुसरीकडेच रमतो, हे या परंपरेत पुन्हा पुन्हा भेटेल.

तिसरी पायरी: चेहरा ओलांडून पुढे जा

चेहरे सारखे दिसतात कारण ते मुद्दाम सारखे काढलेले असतात. ही व्यक्तिचित्रं नव्हेत. त्या त्या काळाची सौंदर्याची कल्पना आहे. तांग काळात (६१८ ते ९०७) गुबगुबीत गाल आणि भरलेली अंगकाठी; मिंग आणि छिंग काळात (१३६८ ते १९१२) उतरते खांदे, लांबट चेहरा, बारीक डोळे. कपाळ, नाक आणि हनुवटी या तीन जागी पांढरा रंग जास्त चढवायचा, ही एक ठरलेली रीत. थांग यिनसारख्या मिंग चित्रकाराच्या बायकांत ती स्पष्ट दिसते. एवढं ओळखलं की चेहऱ्याचं काम तूर्त झालं.

त्याऐवजी केस आणि हात बघा. अंबाड्याची तऱ्हा काळ सांगते. हात काय धरून आहेत, त्यावरून प्रसंग कळतो. रेषाही हातांपाशीच तपासावी: चांगल्या चित्रात बोटाची रेषा एकसंध, दमदार असते; नक्कल करणारा तिथेच अडखळतो.

चौथी पायरी: फर्निचरची उंची मोजा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. नियम ढोबळ आहे पण कामाचा. माणसं जमिनीवर, चटईवर बसली असतील तर प्रसंग जुना, वर सांगितलेल्या उपदेशाच्या गुंडाळीसारखा. तांग काळात बैठक उचलली जाते, ठेंगणी स्टुलं आणि चौरंगवजा मंच येतात. सोंग काळापासून (९६० नंतर) पाठीच्या खुर्च्या आणि उंच टेबलं घराघरांत रुळतात. चित्रकार जुना काळ रंगवताना चुकून आपल्या काळची खुर्ची ठेवून जातो, तेव्हा तर आणखी मजा.

तैपेईतला ‘राजवाड्यातलं संगीत’ हा पट उघडा. जेमतेम ४८.७ बाय ६९.५ सेंटिमीटर, रेशमावर, चित्रकार अज्ञात. मधोमध एक भलं मोठं टेबल, त्याच्याभोवती दहा बायका, बाजूला दोन दासी उभ्या. चौघी वाजवताहेत: एकीकडे बिली नावाचं सनईच्या कुळातलं वाद्य, एकीकडे पिपा हे फुगीर पोटाचं तंतुवाद्य, दुसरं एक तंतुवाद्य टेबलावर आडवं, आणि एकीच्या ओठांशी बांबूच्या नळ्यांचं शेंग. उभ्या दासींपैकी एक टिपऱ्यांवर ताल धरते आहे. टेबलाच्या मध्यावर मोठं पातेलं, त्यात लांब दांड्याची पळी. बहुतेकांच्या मते त्यात चहा आहे. एकजण वाडगा तोंडाला लावते आहे. आणि टेबलाखाली एक कुत्रं गाढ झोपलं आहे. चार वाद्यं डोक्यावर वाजत असताना! एकतर वादन फार गोड असणार, नाहीतर कुत्र्याला सवय झाली असणार.

या पटावर जुनी चिठ्ठी होती ती ‘युआन काळातलं’ अशी, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं. पुढे जाणकारांनी नीट पाहिलं. अंबाडे तांग धाटणीचे, एका बाजूला कललेले. बसायची स्टुलं अर्धचंद्राकृती, तांग काळची. पिपा आडवी धरली आहे आणि नखीने छेडली जाते आहे. नंतरच्या काळात ती उभी धरून बोटांनी वाजवू लागले. सगळे पुरावे एकाच दिशेने गेले आणि चित्राचं नावच बदललं. कुणाच्याही चेहऱ्याकडे बघून हे ठरलं नसतं. तुम्हीही हेच करायचं आहे, फक्त विद्वान नसल्याचा संकोच न धरता.

पाचवी पायरी: कोण राबतंय ते शोधा

‘निवांत बायका’ म्हणून ज्या चित्रांकडे आपण बघतो, त्यात कामं पुष्कळ चाललेली असतात. बॉस्टनमधली ‘ताजं विणलेलं रेशीम तयार करणाऱ्या स्त्रिया’ ही गुंडाळी बाराव्या शतकाच्या सुरुवातीची. आठव्या शतकातल्या चांग शुआनच्या चित्राची नक्कल. करणारा खुद्द सोंग घराण्याचा सम्राट ह्वेइत्सुंग, असं पारंपरिक श्रेय. संग्रहालयाने ती १९१२ साली मिळवली, ओकाकुरा काकुझो या जपानी कला-अभ्यासकामार्फत. होय, कलकत्त्याला येऊन राहिलेले, रवींद्रनाथांचे स्नेही, तेच ओकाकुरा.

मागे भिंत नाही, जमीन नाही, काही नाही. तरी खोली जाणवते, कारण बायका ती आपल्या उभ्या राहण्याने तयार करतात. चौघीजणी लांब मुसळांनी रेशीम कांडताहेत; एकीने थांबून बाही मागे सारली आहे. पुढे दोघी बसून दोरा आणि शिवण सांभाळताहेत. मग एक लांबच लांब पांढरं कापड दोन टोकांनी ताणून धरलं आहे आणि निखारे भरलेल्या, दांड्याच्या पसरट भांड्याने त्याला इस्त्री होते आहे. एक छोटी पोर वाकून कापडाखाली घुसली आहे. मोठ्यांच्या कामात लुडबुड करणारं पोर कुठल्याही शतकात असतंच. आणि एक मुलगी उकिडवी बसून शेगडीला वारा घालते आहे, तोंड फिरवून, कारण झळ लागते. पंखा इकडे, चेहरा तिकडे. एवढ्या एका मानेत चित्रकाराने उष्णता रंगवली. आगीचा लाल रंग भरून काढणं त्यामानाने सोपं होतं.

आता यातली खोच. राजवाड्यातल्या नटलेल्या बायका खरंच कापड कांडत होत्या का? कवितेत कापड कांडण्याचा आवाज म्हणजे शरद ऋतू, आणि सीमेवर गेलेल्या नवऱ्यासाठी उबदार कपडे करणारी बायको. त्यामुळे कविता वाचलेल्या माणसाला इथे विरहाचा आवाज ऐकू येत असे. तो ऐकू आला नाही तरी बिघडत नाही. शेगडीची झळ पोचली की पुरे.

सहावी पायरी: खिडकीबाहेरचे प्राणी आणि फुलदाणीतली फुलं

इथे आपले संकेत बाजूला ठेवावे लागतात. बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये बारा सुंदरींचा एक संच आहे, त्याच्याविषयी पुढच्या पायरीत सविस्तर. त्यातल्या एका चित्रात एक बाई मेणबत्तीच्या उजेडात शिवते आहे आणि खिडकीबाहेर बांबूंपाशी लाल वटवाघूळ उडतं आहे. आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरलं की आजी देवापुढे दिवा लावायची. चीनमध्ये ते उलट भाग्याचं, कारण वटवाघूळ आणि भाग्य या दोन्हीचा उच्चार एक. लाल असेल तर भाग्य दुप्पट. असं उच्चाराचं साम्य या चित्रांत जागोजागी पेरलेलं असतं, सगळं पाठ करायची गरज नाही. मॅगपाय पक्षी शुभवार्ता आणतो, शेवंती शरद ऋतूची, मेइ (प्लमसारख्या झाडाचं) फूल थंडीच्या अखेरीचं. एवढ्यावर सुरुवात होते.

सावधगिरी एकच: प्रत्येक मांजरामागे गूढार्थ शोधत बसू नका. कधीकधी मांजर फक्त मांजर असतं, आणि चित्रकाराला ते आवडलेलं असतं.

सातवी पायरी: भिंतीवरचं अक्षर कुणाचं?

हा बारा सुंदरींचा संच रेशमावरचा. प्रत्येक चित्र सुमारे १८४ बाय ९८ सेंटिमीटर, म्हणजे बाई जवळजवळ खऱ्या बाईएवढी. प्रत्येकात एक स्त्री आणि तिची खोली, किंवा खोलीला लागून असलेलं अंगण. एक चहा घेते आहे, एक हातात घड्याळ धरून शेवंतीपाशी बसली आहे, एक जपमाळ ओढता ओढता मांजरांचा खेळ बघते आहे. एकीच्या भोवती लाकडी कप्प्यांचं शेल्फ आहे, आणि त्यात कांस्याचं प्राचीन पात्र, भिक्षूच्या टोपीसारख्या तोंडाची लाल झिलईची सुरई, फिक्या निळसर-हिरव्या झिलईची भांडी अशी रांग लागली आहे. ती बाई ठिपकेदार बांबूच्या खुर्चीत नजर खाली घालून बसली आहे. इतकं सामान, आणि ती त्यातल्या कशाकडेच बघत नाही.

आता फरचा अंगरखा घातलेल्या बाईचं चित्र काढा. एक हात ऊब घेण्यासाठी शेगडीवर, दुसऱ्या हातात कांस्याचा आरसा. पाहून झालं? मग तिच्या मागच्या भिंतीकडे जा. तिथे टांगलेल्या अक्षरपटावर सही आहे ती ‘धूळ झटकलेला गृहस्थ’ अशा अर्थाच्या टोपणनावाची, आणि शिक्का ‘युआनमिंगचा धनी’ असा (युआनमिंग ही बीजिंगजवळची राजबाग). हे दोन्ही राजपुत्र यिनझेनचे, जो १७२३ पासून योंगझेंग सम्राट म्हणून ओळखला गेला. चित्रात पुरुष एकही नाही. तरी खोली त्याची आहे हे भिंत सांगते.

बराच काळ लोक या बायकांना त्याच्या राण्याच समजत होते. मग दरबारी दप्तरात १७३२ सालची नोंद सापडली: युआनमिंग बागेतल्या एका वाचनदालनाच्या पडद्यावरून ‘सुंदरींची बारा रेशमी चित्रं’ काढून घेतली. राण्यांची चित्रं असती तर कारकुनाने असं मोघम लिहिलंच नसतं. दुसरा पुरावा कपड्यांचा. छिंग राजघराणं मांचू, म्हणजे ईशान्येकडून आलेलं, हान चिनी नव्हे. त्यांच्या अंतःपुरात हान चिनी पेहरावाला मनाई. या बाराही जणी हान पेहरावात आहेत. म्हणजे राजपुत्र जिथे वाचत बसे, तिथे त्याने आपल्याभोवती नियमात न बसणाऱ्या, कल्पनेतल्या बारा बायका उभ्या करून घेतल्या होत्या. चित्रकार कोण, त्याचं नाव कुठेच नाही.

म्हणून या पायरीवर नेहमी एक प्रश्न विचारा: ही खोली कुणाच्या डोळ्यांसाठी मांडली आहे? अशा चित्रांपैकी बहुतेक पुरुषांनी, पुरुषांसाठी काढली. अपवाद आहेत. सोळाव्या शतकातल्या छिउ यिंग या चित्रकाराची मुलगी छिउ चू हिने स्वतः बायकांची चित्रं काढली. तिचं चित्र मिळालं तर बापाच्या चित्राशेजारी ठेवून पाहा आणि फरक जाणवतो का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

शिक्क्यांचं थोडक्यात: लाल शिक्के बहुतांशी चित्रकाराचे नसून मालकांचे असतात. अठराव्या शतकातल्या छियानलोंग सम्राटाला तर चित्राच्या मधोमध शिक्का उठवायला काही वाटत नसे.

आठवी पायरी: सावल्या शोधू नका

जुन्या चित्रांत सावली नसते, उजेड सगळीकडे सारखा. टेबलाच्या कडा दूर जाताना एकमेकींजवळ येत नाहीत, समांतर राहतात. ही उणीव नव्हे. गुंडाळी सरकत असताना बघणाऱ्याचा डोळा एका जागी खिळवून ठेवणं सोयीचंच नाही. अठराव्या शतकात जेझुइट, म्हणजे युरोपातून आलेले ख्रिस्ती मिशनरी, चित्रकार म्हणून दरबारात रुळले. इटलीचा कास्तिल्योने १७१५ साली बीजिंगला पोचला. त्या सुमाराच्या दरबारी चित्रांत खोल्या युरोपीय धर्तीवर आत, दूरवर गेलेल्या दिसू लागतात.

रंगांचं एवढंच लक्षात ठेवा: रेशमाला आधी सरस आणि तुरटी लावून त्याची छिद्रं बंद करतात, मग बारीक रेषा, मग पातळ रंगाचे थरावर थर. निळा-हिरवा खनिजांचा, लाल हिंगुळाचा. पांढऱ्या जागा कुठे काळवंडलेल्या दिसल्या तर तो बहुधा शिशाचा पांढरा असतो.

शेवटची पायरी: हातात धरता येईल असं काही

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी, जेडच्या वस्तू, तपकिरीच्या बाटल्या आहेत. बारा सुंदरींच्या शेल्फांवर ज्या कुळातल्या वस्तू रंगवल्या आहेत, त्या कुळातल्या खऱ्या वस्तू काचेपलीकडे वीतभर अंतरावर दिसतात. ओळखीत एखादं पारशी घर असेल तर जुनी गारा साडी बघायला मागा. दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराच्या व्यापारातून आलेल्या या भरतकामात ‘चीना-चीनी’ नक्षी असते: मंडप, पूल, हातात पंखा घेतलेली बाई.

आणि कुणी ‘जुनं चिनी चित्र’ विकायला आणलं तर आधी भिंग लावा. रंग सुटे ठिपके होऊन दिसले तर छापील आहे, किंमत त्याप्रमाणे करा. ठिपके नाहीत, कागद मऊ, मखमलीसारखा आणि ठिसूळ, आकार लहान, तर ते एकोणिसाव्या शतकात कँटनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी केलेलं काम असू शकतं. त्याला ‘राइस पेपर’ म्हणतात, पण त्यात भाताचा संबंध नाही. एका झुडपाच्या खोडातला गाभा पातळ कापून तो करतात. तशी चित्रंही गोड असतात. घडी घालू नका, तुकडे पडतील. लॅमिनेशन तर अजिबात नको.